झिनोव्हिएव्हचें पत्र : बनावट कागद आणि वृत्तपत्राचा मथळा

कागद अस्सल कीं बनावट, हा प्रश्न आमच्या वाचकांस नित्याचा आहे. मायना काळास धरून आहे कीं नाहीं, वळण चिटणिसाचें कीं मागाहून कोणीं गिरविलेलें, मोर्तब आपल्या जागीं आहे कीं भलत्याच ठिकाणीं उमटलेलें, इतकें पाहून झालें म्हणजे आपलें काम संपलें असें आपण समजतों आणि बनावट ठरलेला कागद निराळ्या रुमालांत बांधून बाजूस टाकतों. परंतु बनावट कागदालाहि चरित्र असतें. तो कोणीं पुढें आणला, कोणत्या दिवशीं आणला, आणि वाचणाराच्या हातीं देतांना त्यावर कोणतें वेष्टण चढविलें, याचा शोध घेतल्याखेरीज त्या कागदानें काय घडविलें हें कळत नाहीं. या दृष्टीनें एका परदेशी कागदाचें परीक्षण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. इ. स. १९२४ च्या आक्टोबरांत ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीस चार दिवस उरले असतां लंडनच्या 'डेली मेल' पत्रानें प्रसिद्ध केलेलें 'झिनोव्हिएव्हचें पत्र' हा तो कागद होय. वृत्तपत्रें निवडणुकी जिंकून देतात किंवा हरवितात, असें विधान करणारा बहुधा याच पत्राचा दाखला देतो. तो दाखला कितपत टिकतो हेंहि ओघानें पाहतां येईल.

प्रथम प्रसंग सांगितला पाहिजे. १९२४ च्या जानेवारींत रॅमसे मॅक्डोनल्ड यांच्या नेतृत्वाखालीं मजूर पक्षाचें पहिलें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. डिसेंबर १९२३ च्या निवडणुकींत हुजूर पक्षास २५८, मजूर पक्षास १९१ व उदारमतवादी पक्षास १५८ जागा मिळाल्या होत्या. म्हणजे मजूर पक्षाचा कारभार उदारमतवाद्यांच्या संमतीवर चालला होता. या मंत्रिमंडळानें फेब्रुवारींत सोव्हिएट सरकारास मान्यता दिली व आगस्टांत त्याच्याशीं तह केले. रशियास मिळावयाच्या कर्जास हमी देण्याची गोष्ट त्यांत असल्यामुळें पुष्कळांचीं मनें बिथरलीं. पुढें कँपबेल नांवाच्या एका साम्यवादी संपादकावरील खटला सरकारनें काढून घेतला, त्यावरून ८ आक्टोबर रोजीं मंत्रिमंडळाचा पराभव झाला, आणि २९ आक्टोबर, बुधवार, हा मतदानाचा दिवस ठरला.

आतां कागदाकडे वळूं. पत्रावर तारीख १५ सप्टेंबर १९२४ ची आहे. लिहिणार म्हणून मॉस्को येथील कम्युनिस्ट इंटरनॅशनलचा अध्यक्ष ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह याचें नांव असून सोबत कूसिनेन व मॅक्मॅनस हीं नांवें आहेत. पत्र ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीस उद्देशून लिहिलें आहे. तह पार्लमेंटांत मंजूर व्हावेत म्हणून कामगारवर्गास हालवून सोडा, सैन्यांत व दारूगोळ्याच्या कोठारांत आपले गट निर्माण करा, पक्षाची लष्करी शाखा दुबळी आहे ती सावरा, असा त्याचा आशय आहे. या मजकुरांत एक भाग असा आहे कीं, त्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांवर नजर ठेवा, ते भांडवलदारांच्या हातचे केव्हां होतील याचा नेम नाहीं, असें पत्र स्पष्ट सांगतें. मॅक्डोनल्डच्या परराष्ट्रनीतीसहि तें कर्झनच्या नीतीची हलकी नक्कल ठरवितें. अर्थात् कागद खरा धरला तरी त्यांत मजूर सरकार मॉस्कोचें मित्र म्हणून दिसत नाहीं. ज्याच्यावर दडपण आणावयाचें व ज्याच्याविषयीं संशय बाळगावयाचा, असें तें सरकार आहे.

लंडनास हा कागद पोहोंचला तो ब्रिटिश गुप्त खात्याच्या रीगा येथील ठाण्यामार्फत, आक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आणि तोहि इंग्रजी मजकूर म्हणून. मूळ रशियन पत्र परराष्ट्र कचेरीनें पाहिलें नाहीं. एखाद्या संस्थानिकानें आपल्या हक्काच्या पुष्टीस सनद पुढें करावी, ती मागितली असतां तर्जुमा दाखवावा, आणि असल कोठें आहे म्हणून विचारलें तर दूरच्या गांवीं एका विश्वासू गृहस्थाजवळ आहे असें सांगावें, त्यांतलाच हा प्रकार. कागदास बळकटी देणारा म्हणून जो दुसरा पुरावा जोडण्यांत आला, कीं पत्र पोहोंचल्याची गोष्ट ब्रिटिश साम्यवाद्यांच्या बैठकींत निघाली होती, तोहि पुढील तपासांत डळमळीत ठरला. याच परराष्ट्र कचेरीस १९२१ मध्यें बर्लिनकडून आलेल्या अशाच संशयित कागदांच्या आधारावर कर्झननें रशियास पाठविलेल्या खलित्यामुळें खालीं पाहण्याची पाळी आली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे १९२४ चा हा विश्वास अधिकच नवलाचा वाटतो.

सोव्हिएट सरकारचा लंडन येथील प्रतिनिधि राकोव्हस्की यानें पत्र बनावट असल्याचें लागलेंच कळविलें आणि त्यासाठीं मायन्याचाच मुद्दा पुढें केला. पत्रांत संस्थेस 'तिसरी कम्युनिस्ट इंटरनॅशनल' म्हटलें होतें. पहिली व दुसरी कम्युनिस्ट इंटरनॅशनल कधीं नव्हतीच, तेव्हां तिसरी कोठून येणार? शिवाय झिनोव्हिएव्हच्या सहीखालीं जो हुद्दा घातला होता, तो त्या रूपांत तो वापरीत नसे. स्वतः झिनोव्हिएव्हनेंहि त्या तारखेस आपण कॉकेशसमध्यें किस्लोव्होड्स्क येथें विश्रांतीस होतों असें सांगितलें. पुढें ब्रिटिश ट्रेड युनियनांचें एक शिष्टमंडळ त्याच वर्षाच्या अखेरीस रशियांत गेलें असतां त्यानें मॉस्कोचें दप्तर पाहिलें व पत्राचा मागमूसहि लागला नाहीं असा अभिप्राय दिला. मायन्यांतील चूक एवढ्या एका आधारावर कोणताहि कागद फेटाळणें आम्हांस मान्य नाहीं. घाईंत लिहिणारा खरा कारकूनहि हुद्दा चुकतो, हें पेशवे दप्तर चाळणारांस ठाऊक आहे. आणि ज्या दप्तराचा मालक स्वतःच वादांतील पक्षकार, त्या दप्तराच्या मौनास किती किंमत द्यावी हाहि प्रश्नच आहे. परंतु असल नाहीं, मायना चुकलेला, आणि कागद आला तो रशियांतून परागंदा झालेल्या, बोल्शेव्हिकांच्या वैऱ्यांनीं गजबजलेल्या शहरांतून. हीं तीन गोष्टी एकत्र धरल्या म्हणजे पारडें कोणीकडे झुकतें हें सांगावयास नको. पत्र खरें वाटलें याचें कारण एवढेंच कीं, मॉस्कोहून निघणाऱ्या खऱ्या पत्रांची भाषा याच धाटणीची असे. बनावट करणारा कसबी असेल तर तो नवें कांहीं लिहीत नाहीं. वाचणारा जें वाचावयास आधींच तयार असतो तेंच लिहितो.

येथवरची हकीकत कागदाची. आमच्या मतें खरें परीक्षण व्हावयाचें तें २५ आक्टोबर, शनिवारच्या 'डेली मेल'च्या पानाचें. त्या पत्राचा संपादक टॉमस मार्लो यास आपल्या परिचितांकडून कागदाची बातमी व नकला मिळाल्या, ही गोष्ट पुढें १९२८ त त्यानें स्वतःच जाहीरपणें सांगितली. त्यानें मजकूर जुळवून घेतला, आणि तो एकट्याजवळ न ठेवतां इतर पत्रांसहि पुरविला. वृत्तपत्राच्या धंद्यांत हातीं आलेली बातमी दुसऱ्यास देणें म्हणजे दुकानदारानें आपलें गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठविण्यासारखें आहे. हें औदार्य ज्या अर्थीं दाखविलें गेलें, त्या अर्थीं हेतु बातमीचा नसून मतदानाचा होता, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं.

मथळ्याचा आशय असा होता : समाजवाद्यांच्या धन्यांनीं रचलेला यादवी युद्धाचा कट, आमच्या लाल मंडळींस मॉस्कोचे हुकूम. यांतील 'धनी' हा शब्द पाहावा. तो पत्रांत नाहीं. पत्र ज्यांस लिहिलें ते ब्रिटिश कम्युनिस्ट. मथळ्यांत आले ते 'समाजवादी', म्हणजे निवडणुकीच्या भाषेंत मजूर पक्ष. कम्युनिस्ट पक्ष त्या वेळीं इंग्लंडांत अगदीं लहान होता आणि मजूर पक्ष त्यास आपल्यांत घेण्यास तयार नव्हता. ज्या पक्षाच्या पुढाऱ्यांवर पाळत ठेवा असें पत्र सांगतें, तोच पक्ष मथळ्यांत पत्र लिहिणाराचा चाकर झाला. पत्राचा लेखक बनावट, हें एक. पण मथळेवाल्यानें पत्राचा मायनाच बदलला आणि तें ज्यास लिहिलेलें नव्हतें त्याच्या नांवानें जारी केलें, हें दुसरें, आणि आमच्या दृष्टीनें अधिक गंभीर. खालीं संपूर्ण पत्र छापलेलें होतें, कांहीं लपविलें नव्हतें, असा बचाव करतां येतो. पण कामावर जाणाऱ्या माणसानें लांबलचक, रुक्ष, परिभाषेनें भरलेलें पत्र अखेरपर्यंत वाचून मथळ्याशीं ताडून पाहावें अशी अपेक्षा मार्लोचीहि नसावी.

याहून सूक्ष्म गोष्ट मोर्तबाची आहे. कागद वृत्तपत्राच्या हातीं गेला असून तो उद्यां बाहेर पडणार, हें परराष्ट्र कचेरीस २४ तारखेस कळलें. पंतप्रधान मॅक्डोनल्ड हेच परराष्ट्रमंत्रीहि होते, पण ते प्रचारासाठीं वेल्समधील आपल्या अॅबरॅव्हन मतदारसंघांत होते. कागद खरा असल्याची खात्री करून घ्या, असें त्यांनीं पूर्वींच बजावलें होतें. राकोव्हस्कीस पाठवावयाच्या निषेधपत्राचा मसुदा त्यांनीं दुरुस्त करून परत पाठविला, पण त्यावर मंजुरीचीं आद्याक्षरें घातलीं नव्हतीं. कचेरीचे मुख्य चिटणीस सर आयर क्रो यांनीं, सरकारनें कागद दडपला असा बोभाटा होऊं नये म्हणून, तो मसुदा ग्रेगरी नांवाच्या अधिकाऱ्याच्या सहीनें रवाना केला व वृत्तपत्रांस दिला. परिणाम काय झाला? शनिवारीं सकाळीं वाचकानें पत्र वाचलें आणि त्याच्या जोडीला खुद्द मजूर सरकारच्याच कचेरीचा निषेध वाचला. सरकार ज्याचा निषेध करतें तें पत्र खोटें कसें असेल? वृत्तपत्रानें कागद छापला एवढेंच नव्हे, छापण्याच्या धाकानें त्यावर सरकारी शिक्का उठवून घेतला. बनावट सनदेवर खुद्द फडणिसांकडूनच 'पाहिलें' असा शेरा मिळविणारा याहून निराळें काय करतो?

यानंतर दोन दिवस मॅक्डोनल्ड या विषयावर बोललेच नाहींत. सोमवारीं, २७ तारखेस, कार्डिफ येथें त्यांनीं जें सांगितलें तें कारभाराच्या तपशिलानें भरलेलें होतें : मसुदा कोणत्या दिवशीं आला, कोणत्या दिवशीं गेला, आपणांस न विचारतां तो बाहेर कसा पडला. राजकीय डावाचा संशय त्यांनीं बोलून दाखविला. पण कागद खोटा आहे असें म्हणतां येईना, कारण निषेध त्यांच्याच कचेरीचा होता, आणि खरा आहे असेंहि म्हणवेना. पुढाऱ्यानें गप्प बसावें अशी ही वेळ नव्हती. तें मौन शनिवार-रविवारभर वृत्तपत्रांनीं आपल्या परीनें वाचलें, आणि मौनाचा अर्थ लावण्यांत वृत्तपत्रें नेहमींच उदार असतात.

याच निवडणुकींत रेडिओ हें नवें साधन प्रथमच पुढाऱ्यांच्या हातीं आलें होतें, त्याचाहि येथें विचार केला पाहिजे. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीनें तिन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांस एकेक भाषणाची संधि दिली. मॅक्डोनल्ड यांचें भाषण ग्लासगोच्या जाहीर सभेंतून ऐकविण्यांत आलें. सभेस डोलविणारा तो वक्ता व्यासपीठावर फिरत बोले, त्यामुळें घरीं ऐकणारांस आवाज कधीं मोठा तर कधीं पुसट ऐकूं येई. बाल्डविन मात्र सभेंत न बोलतां यंत्रासमोर बसून घरच्या माणसाशीं बोलावें तसे बोलले, आणि त्यांचें भाषण ऐकणारांस विशेष रुचलें. परंतु पत्राच्या प्रकरणांत रेडिओ मुका होता. वादग्रस्त विषयांवर मतप्रदर्शन करण्याची कंपनीस मोकळीक नव्हती, आणि बातम्या द्यावयाच्या त्याहि वृत्तसंस्थांकडून घेऊन, संध्याकाळीं सातनंतर. म्हणजे शनिवारच्या सकाळचा मथळा सोमवारपर्यंत खोडून काढील असें लोकांपर्यंत पोहोंचणारें दुसरें साधन देशांत नव्हतें. मजूर पक्षाचें 'डेली हेरल्ड' होतें, पण 'डेली मेल'च्या खपापुढें तें दुबळें होतें. कागदाची ताकद मजकुरांत नव्हती, उत्तर देण्यास वेळ न ठेवण्यांत होती.

निकाल ठाऊक आहेच. हुजूर पक्ष ४१२, मजूर पक्ष १५१, उदारमतवादी ४०. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणें हुजूर पक्षाच्या आकड्यांत थोडा फरक पडतो. पत्रानें मजूर पक्ष बुडविला, ही समजूत या आंकड्यांवर उभी राहिली आणि त्या पक्षांत दोन पिढ्या ती धर्मश्रद्धेप्रमाणें चालली. पण जागांचे आंकडे सोडून मतांचे आंकडे पाहिले तर ही समजूत टिकत नाहीं. मजूर पक्षाचीं मतें घटलीं नाहींत, सुमारे १० लाखांनीं वाढलीं व पन्नास लाखांच्या वर गेलीं. उमेदवार ४२७ वरून ५१४ वर गेले होते, त्याचा हिशेब या वाढींतून वजा केला पाहिजे हें खरें. तरी भीतीनें मतदार पळाले असें चित्र निघत नाहीं. मोडला तो उदारमतवादी पक्ष. त्याचे उमेदवार साडेचारशेंवरून सुमारे ३४० वर आले, मतें ४३ लाखांवरून ३० लाखांच्या आंत आलीं. हुजूर पक्षाचीं मतें सुमारे ५५ लाखांवरून ७८ लाखांवर चढलीं, आणि मतदानाचें प्रमाण शेंकडा ७१ वरून ७७ वर गेलें. एरवीं घरीं बसणारे आणि उदारमतवाद्यांस मत देणारे असे लोक हुजूर पक्षाकडे गेले. त्यांस ढकलण्यांत पत्राचा कांहीं वांटा असेल, परंतु कर्जाची हमी, कँपबेल प्रकरण, आणि द्रव्यबळ सरलेल्या उदारमतवादी पक्षाची पडझड हीं कारणें पत्राच्या आधींचीं आहेत. 'पंच' साप्ताहिकाच्या मतदानाच्याच दिवसाच्या अंकांत मॅक्डोनल्डला आणि मला मत द्या अशा अर्थाची पाटी अडकवून हिंडणारा बोल्शेव्हिक दाखविला आहे, त्याचा मथळाहि कर्जावरच आहे, पत्रावर नाहीं. रान आधींच वाळलें होतें.

या प्रकरणाचा एक धागा मुंबईशीं जोडलेला आहे. मुंबईंत जन्मलेले शापूरजी सकलातवाला हे लंडनच्या नॉर्थ बॅटरसी मतदारसंघांतून १९२२ त मजूर पक्षातर्फे निवडून आले होते व १९२३ त पडले होते. १९२४ त ते उघडपणें कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले. ज्या आठवड्यांत बोल्शेव्हिक हें नांव घेऊन लहान मुलांस भिववावें अशी वृत्तपत्रांची धांदल चालली होती, त्याच आठवड्यांत बॅटरसीच्या मतदारांनीं त्यांस पार्लमेंटांत पाठविलें. मताधिक्य थोडें होतें, पण निकाल निकालच. तेथील कामगार संघटना, गल्लीगल्लींतील सभा आणि उमेदवाराचा प्रत्यक्ष परिचय यांच्यापुढें मथळा फिका पडला. वृत्तपत्रांच्या सामर्थ्याविषयीं सरसकट सिद्धान्त सांगणारांनीं या एका मतदारसंघाचें काय करावयाचें तें सांगावें. दुसरी गोष्ट. ज्या सरकारास मॉस्कोचा चाकर म्हटलें गेलें, त्याच्याच कारकीर्दींत, मे १९२४ त, कानपूरच्या बोल्शेव्हिक कटाच्या खटल्यांत मुंबईचे श्रीपाद अमृत डांगे व इतर तिघे यांस प्रत्येकीं चार वर्षांची शिक्षा झाली होती, आणि तेथेंहि पुराव्यांत मुख्य भरणा पोलिसांनीं वाटेंत उघडलेल्या पत्रांचाच होता. 'डेली मेल'च्या वाचकास हें कोणीं सांगितलें असेल असें वाटत नाहीं.

या विषयावरील लेखनाकडे पाहतां, १९६७ त चेस्टर, फे व यंग या तीन पत्रकारांनीं लिहिलेल्या ग्रंथानें प्रथम मोठी भर घातली. बर्लिनमधील रशियन परागंदांनीं पत्र रचलें, अशी त्यांतील एकाच्या विधवेची साक्ष त्यांनीं पुढें आणली. साक्ष मोलाची, पण चाळीस वर्षांनंतरची. आणि मृत पतीच्या कसबाची बढाई व साक्ष यांतील सीमा नेहमींच स्पष्ट नसते. १९९९ त ब्रिटिश परराष्ट्र कचेरीच्या इतिहासकार गिल बेनेट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गुप्त खात्याचें दप्तर त्यांस पाहावयास मिळालें होतें. पत्र बनावट असल्याबद्दल त्यांस संशय उरला नाहीं. तें बाहेर फोडण्यांत गुप्त खात्यांतील व हुजूर पक्षाच्या बाजूच्या माणसांचा हात असावा हें त्यांनीं दाखविलें, पण वरपासून खालपर्यंत एकच कट असल्याचें कागदांवरून सिद्ध होत नाहीं असेंहि नमूद केलें. २०१८ त त्यांचा विस्तृत ग्रंथ आला. मागे पुढें पाहून लिहिणाऱ्या या विदुषीची सावधगिरी अनुकरणीय आहे. आमची तक्रार एकंदर लेखनाविषयीं आहे. कोणीं लिहिलें आणि कोणीं फोडलें, या दोन प्रश्नांवर जितकी शाई खर्चली गेली, तिच्या मानानें कसें छापलें या प्रश्नास फारच थोडी वांट्यास आली. गुप्त दप्तर उघडण्याची वाट पाहण्यांत पंचाहत्तर वर्षें गेलीं. २५ आक्टोबरचा अंक मात्र पहिल्या दिवसापासून सर्वांच्या हातांत होता.

संग्राहकांसाठीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहांत या पत्राच्या हस्तलिखित रशियन प्रतीचीं छायाचित्रें सांपडलीं व १९७० त त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या नियतकालिकांत त्यांची चर्चा झाली. तें वळण सिडने रायली या प्रसिद्ध हेराचें असल्याचें मतहि पुढें आलें. वळणावरून हात ओळखणें किती निसरडें आहे हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय मूळ प्रश्न वळणाचा नसून क्रमाचा आहे : रशियन प्रत आधींची आणि रीग्याची इंग्रजी प्रत तिचा तर्जुमा, कीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजीवरून कोणीं मागाहून रशियन उतरविलें? दोन्ही पाठ ओळीला ओळ लावून, प्रत्येक हुद्दा व संस्थेचें प्रत्येक नांव ताडून पाहिल्याशिवाय यावर मत देतां येणार नाहीं. सही असलेला मूळ कागद अद्याप कोणासहि मिळालेला नाहीं.